बाकडं आणि खुर्ची

प्रेक्षकाने सांगितलेली आठवण नट तिथल्या तिथे करून दाखवतात, त्या प्लेबॅक थिएटरवर एक लेख वाचला. त्यात त्याला ‘अगदी नवा प्रयोग’ म्हटलंय, तिथे थोडा अडखळलो. जोनाथन फॉक्स आणि जो सालस यांनी न्यूयॉर्क राज्यात ते सुरू केलं १९७५ साली. आणि आयत्या वेळी बोलायचं म्हणाल, तर आमच्या सिंधुदुर्गातले दशावतारी दुसरं काय करतात? संहिता नाही, तालीम नाही. रंगपटात तोंड रंगवता रंगवता आख्यान ठरतं, एका बाकड्याचं कधी सिंहासन होतं कधी डोंगर, आणि संकासुर हे गमतीदार पात्र तर गावातल्या ताज्या भानगडीही सोडत नाही!

फरक आहे तो गोष्ट कुणाची यात. दशावतारात ती पुराणातली. प्लेबॅकमध्ये प्रेक्षकांतला एखादा उठून खुर्चीत बसतो, आपली आठवण सांगतो, आपली भूमिका कोणी करायची तेही निवडतो. मुंबईत एकदा पाहिलं होतं. एका आजींनी गिरणी संपातलं घर सांगितलं. त्यांच्या नवऱ्याची भूमिका करणारा नट फार रडला. शेवटी विचारलं तेव्हा आजी म्हणाल्या, “नाय हो, ते रडले नव्हते. गप्प बसायचे.” मग तोच प्रसंग पुन्हा केला, एकही शब्द न बोलता. माझ्या शेजारचे काका तोवर चष्मा पुसत होते.