उंदरांवर सिद्ध झालं, म्हणून ताकावर राहू नका

भाताची रोवणी सुरू झाल्यापासून आमच्या गडचिरोलीकडच्या गावांत मोबाइलवर एक मेसेज फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: जिवाणूंमुळे मलेरिया थांबतो हे शास्त्रज्ञांनी उंदरांवर सिद्ध केलं आहे, म्हणून तापात दही-ताक घ्या. क्षयाची बीसीजी लस मोठेपणी पुन्हा टोचून घेतली की मलेरिया होत नाही. एकदा मलेरिया झाला की पुन्हा भीती नाही. मलेरियाची लस उंदरांवर पन्नास वर्षांपूर्वीच सापडली, पण ती दाबून ठेवली. आणि गोळ्यांनी लिव्हर खराब होतं, त्या घेऊ नका.

मी रक्तपट्ट्या तपासण्याचं काम करतो. मागच्या आठवड्यात सात वर्षांच्या एका पोराला त्याची आई घेऊन आली. तिसऱ्या दिवसाचा ताप, डोळे खोल गेलेले. "मेसेजात लिवून होतं जी, म्हणून दोन दिवस ताकच पाजून रायली," ती म्हणाली. पट्टी जेएसबी नावाच्या रंगाने रंगवली, तेलाचा थेंब टाकून भिंगाखाली धरली. जिथे सरकवावी तिथे मलेरियाच्या परजीवीच्या बारीक अंगठ्या, एकेका लाल पेशीत दोन-दोन. फाल्सिपेरम, मलेरियाचा जीवघेणा प्रकार. उपचार न झाल्यास हा प्रकार चोवीस तासांतही माणसाला गंभीर करतो, आणि इथे दोन दिवस ताकात गेले होते. पोरगं वाचलं. म्हणून हे शांतपणे लिहू शकतो आहे.

आता मेसेजमधल्या गोष्टी एकेक घेऊ. उंदरांचे प्रयोग खरे आहेत, हे आधी सांगतो. 1976 साली क्लार्क, अॅलिसन आणि कॉक्स यांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं की बीसीजी टोचलेल्या उंदरांना मलेरियाच्या काही जातींपासून संरक्षण मिळतं. पुढच्याच वर्षी मेलेल्या जिवाणूंनीही तोच परिणाम दिसला. (यातले अॅलिसन म्हणजे 1954 मध्ये सिकलसेल या रक्ताच्या आजाराचं आणि मलेरियाचं नातं दाखवणारे. विदर्भात सिकलसेल घरोघरी माहीत आहे, म्हणून सांगितलं.) विशेष म्हणजे जिवाणू वेगळे, मलेरियाचा परजीवी वेगळा, तरी परजीवी लाल पेशीच्या आतच आक्रसून मरत होता. जिवाणू टोचल्यावर शरीराची पहिली फळी, म्हणजे रोगजंतू गिळणाऱ्या पेशी, खवळून उठतात आणि त्यांनी सोडलेल्या रसायनांचा मारा परजीवीलाही बसतो. रोज भिंगात परजीवी बघणाऱ्याला हे वाचून आनंदच होतो.

पण तिथे ही मात्रा तोंडाने दिलेली नव्हती. ती सुईने टोचलेली होती, आणि तीही संसर्गाच्या आधी. ताप चढल्यावर दिलेलं औषध असं तिचं रूप कुठेच नाही. शिवाय ज्या रसायनांनी परजीवी मरतो त्यांतलीच काही ताप, थंडी आणि गंभीर आजारही आणतात. खवळलेली फळी दोन्हीकडे मारते.

उंदरांचा मलेरिया हाही आपल्या मलेरियाहून निराळा. प्रयोगशाळेत वापरतात तो प्लाझमोडियम बर्घेई 1948 मध्ये काँगोतल्या रानउंदरात सापडला. तो माणसाला होत नाही. त्याचं रक्तातलं चक्र साधारण एका दिवसाचं, फाल्सिपेरमचं दोन दिवसांचं. व्हायवॅक्स हा मलेरियाचा दुसरा प्रकार आपल्या यकृतात महिनोन्महिने दडून बसतो आणि पुन्हा उठतो. उंदरांच्या परजीवीत ही दडी मारणारी अवस्थाच नाही. मग तिच्याबद्दल उंदीर आपल्याला काय सांगणार?

बीसीजीचं उत्तर आपल्या दंडावरच आहे. ही लस जन्मल्यावर लगेच देतात, डाव्या दंडावर, आणि तिचा वण राहतो. पट्टी घेताना मी त्या पोराचा हात धरला होता. वण ठळक होता, आणि बोटातून आलेल्या थेंबात फाल्सिपेरम होता. मलेरिया झालेल्या आमच्या बहुतेक पोरांच्या दंडावर हा वण असतो. नेदरलँड्समध्ये मोठ्या माणसांना बीसीजी देऊन नंतर मुद्दाम मलेरियाचे डास चावू दिले, त्याचे निष्कर्ष 2019 मध्ये आले. लस घेतलेल्यांपैकी काहींच्या रक्तात परजीवी कमी दिसले, पण लक्षणं लवकर आणि जास्त जोरात आली. संरक्षण म्हणावं असं काही हाती लागलं नाही. बीसीजी लहान मुलांना क्षयाच्या भयंकर प्रकारांपासून वाचवते. तिचं ते काम मोठं आहे, तेवढ्यासाठी ती द्यावीच.

दह्याची गोष्ट 2016 च्या एका अभ्यासातून आली असावी. एकाच वाणाचे, पण वेगवेगळ्या पुरवठादारांकडून आणलेले उंदीर घेतले, तर काहींच्या रक्तात परजीवी कमी वाढले, काहींच्या फार. फरक आतड्यातल्या जिवाणूंचा निघाला. मग काही उंदरांना आधी अँटिबायोटिक आणि नंतर ठरावीक जिवाणूंचं दही दिलं, तेव्हा परजीवींची संख्या कमी झाली. कमी झाली, संपली नाही. आपल्या विरजणात कोणते जिवाणू किती, हे घराघराला वेगळं. ताक जरूर प्या, उन्हातान्हात रोवणी करून आल्यावर तर प्याच. तापाचं औषध म्हणून मात्र नको.

"एकदा झाला की पुन्हा नाही" याला लांबण नको. माझ्या रजिस्टरमध्ये एकाच माणसाचं नाव एका पावसाळ्यात दोनदा आलेलं आहे. मलेरियाची प्रतिकारशक्ती वारंवार आजारी पडून हळूहळू येते, अर्धवट येते, आणि मलेरिया नसलेल्या मुलखात काही काळ राहिलं की ओसरते.

लस दाबून ठेवल्याचा आरोप मला सगळ्यात जास्त लागतो. 1967 मध्ये रूथ नुसेन्झ्वाइग यांनी क्ष-किरणांनी दुबळे केलेले परजीवी टोचून उंदरांना वाचवलं. तिथून जागतिक आरोग्य संघटनेने पहिल्या लशीची शिफारस करेपर्यंत 2021 उजाडलं. चौपन्न वर्षं! ती कुणी दडवण्यात घालवली नाहीत. उंदरात जमलेलं माणसात जमेना, म्हणून लोक पुन्हा पुन्हा प्रयोग करत राहिले. दुसऱ्या लशीची शिफारस 2023 मध्ये झाली, आणि ती आपल्या पुण्यात बनते. दोन्ही लशी मुख्यतः आफ्रिकेतल्या लहान मुलांसाठी आहेत, फाल्सिपेरमविरुद्ध आहेत, आणि आजार कमी करतात, पूर्ण थांबवत नाहीत. लस घेतलेल्या मुलालाही मच्छरदाणीत झोपवायचंच असतं.

राहिल्या गोळ्या. फाल्सिपेरमला तीन दिवसांचा एसीटीचा (आर्टेमिसिनिन आणि जोडीचं औषध) कोर्स, व्हायवॅक्सला तीन दिवस क्लोरोक्विन आणि यकृतात दडलेल्यासाठी चौदा दिवस प्रायमाक्विन. प्रायमाक्विन गरोदर बाईला देत नाहीत, आणि ती घेताना लघवी काळपट-लाल झाली तर गोळी थांबवून लगेच दवाखान्यात यायचं. मेसेजमध्ये लिहायचं तर हे लिहायला हवं होतं. लोक चौथ्या-पाचव्या दिवशी ताप उतरला म्हणून उरलेल्या गोळ्या छपरात खोचून ठेवतात, आणि दोन महिन्यांनी तोच माणूस थंडीने कुडकुडत परत येतो.

बांधावरच्या मांडवात झोपणाऱ्यांनी मच्छरदाणी तिथेही न्यावी. ताप आला की त्याच दिवशी आशाताईला गाठा. तिच्या पिशवीत किट असतं, बोटातून एक थेंब घेतला की वीसेक मिनिटांत कळतं. पैसे लागत नाहीत.