टेस्ट स्क्रिप्ट कर्नलात कशी घुसवावी

बाहेर पावसाची झड, कुडाळात लाइट गेलेली, इन्व्हर्टरच्या जिवावर लॅपटॉप कसाबसा चालू, आणि तुम्ही विचार करताय की नुकतीच लिहिलेली चाचणीची शेल स्क्रिप्ट लिनक्स कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, सोर्समध्ये घालावी की बाहेर ठेवावी. विचार कसला करताय? घाला! ३ कोटींहून जास्त ओळी आहेत तिथे. तुमच्या चाळीस ओळींनी काय मोठं ओझं होणार आहे!

जागाही तयार आहे, सोर्समधलाच चाचण्यांचा फोल्डर, 'टूल्स/टेस्टिंग/सेल्फटेस्ट्स'. ती वापरायची रीत कोकणातल्या माणसाला शिकवावी लागत नाही. सामाईक घरात मुंबईचा चाकरमानी गणपतीला येतो, बिघडलेला मिक्सर माळ्यावर टाकतो आणि विसर्जन झालं की गाडी पकडतो. मे महिन्यात कौलं परतायला वर चढतो तो गावातला चुलतभाऊ, आणि तो मिक्सर नेमका त्याच्या पायात येतो. कर्नलात या चुलतभावाला मेंटेनर म्हणतात. तुम्ही खाली 'साइन्ड-ऑफ-बाय' म्हणून आपलं नाव लिहायचं आणि सुटायचं.

काही चिकित्सक विचारतील, लिनक्स टेस्ट प्रोजेक्ट कर्नलच्या बाहेरच आहे ना? फाइलसिस्टिमच्या चाचण्यांसाठी एफएसटेस्ट्स आहे, तेही बाहेरच. मग तुमचंच घोडं आत कशाला? त्यांचा निकष असा की कर्नलचा कोड बदलला की जी चाचणी त्याच्याबरोबर बदलावी लागते, तिने आत राहावं. तुमची स्क्रिप्ट कशाहीबरोबर बदलत नाही. म्हणजे हा निकष तुम्हाला लागूच नाही. कोणी म्हणेल, कर्नलच्या आतलं फंक्शन तपासायचं तर २०२० च्या ५.५ आवृत्तीपासून केयुनिट ही चाचणीची चौकट आहे. आहे, पण त्यासाठी सी लिहावं लागतं. एवढ्या पावसात?

आता स्क्रिप्टकडे वळू. नेटवर्क कार्डाचं नाव 'ईटीएच०' असं थेट कोरून टाका. तुमच्या मशीनवर चालतंय, बाकीच्यांनी आपलं मशीन सुधारावं. चालवणारा रूटच, म्हणजे मशीनचे सगळे अधिकार असलेलाच, असणार हेही धरून चाला. मध्ये मिनिटभर नुसतं थांबवणारा एक 'स्लीप ६०' हवाच. सेल्फटेस्ट चालवणारा रनर एरवी ४५ सेकंदांनीच चाचणीचा गळा धरतो, पण तो त्याचा उतावळेपणा. जे तपासायचं ते फीचर कर्नलच्या कॉन्फिगमध्ये बंदच असेल तर ४ हा कोड देऊन 'वगळली' असं कळवायची पद्धत आहे. तुम्ही १, म्हणजे 'नापास', द्या. जगाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात कोणीतरी नसलेला बग दिवसभर शोधत बसेल. संध्याकाळी त्यालाही गजालीला विषय नको का?

पॅच, म्हणजे हा बदल, पाठवलात की मेंटेनर एका ओळीत विचारेल, 'ही नक्की काय तपासते?' उत्तराच्या भानगडीत पडू नका. आठवडाभर थांबा आणि तोच पॅच 'व्ही२', म्हणजे सुधारित आवृत्ती, म्हणून पुन्हा पाठवा. आत काही बदलायची गरज नाही.