‘इस्रायली मीडिया’ म्हणजे नेमकं कोण?

‘इस्रायली मीडियाने दिलेल्या वृत्तानुसार...’ आपल्या मराठी चॅनेलवर हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. अहो, कुठला मीडिया? पेपराचं नाव सांगायला काय जातं?

तिथले हिब्रू पेपर एकमेकांचं तोंड बघत नाहीत. 1919 पासूनचा ‘हारेत्झ’ डावीकडे झुकलेला. जगभर त्याचे दाखले देतात, कारण त्याची इंग्रजी आवृत्ती आहे. देशात त्याचे वाचक त्यामानाने थोडेच. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये सरकारने त्याला सरकारी जाहिराती देणं बंद करायचा ठरावच केला. याउलट ‘इस्रायल हायोम’. 2007 साली शेल्डन एडेल्सन या अमेरिकन कॅसिनोवाल्याने काढलेला, फुकट वाटला जाणारा आणि बराच काळ नेतान्याहूंची तळी उचलणारा. त्याने ‘येदिओत अहरोनोत’ या तिथल्या मोठ्या, विकत घ्याव्या लागणाऱ्या पेपराचं गणितच बिघडवलं. पुढे ‘येदिओत’चे मालक आर्नोन मोझेस आणि नेतान्याहू यांच्या बोलण्याचं रेकॉर्डिंग बाहेर आलं. आमच्याबद्दल बरं छापा, आम्ही ‘हायोम’चे पंख कायद्याने छाटतो, असा सौदा चालला होता, हा आरोप. दोघांनाही तो मान्य नाही. पण खटला उभा राहिला. आता या दोन पेपरांतली बातमी एकाच नावाने कशी खपवायची?

त्यात लष्करी सेन्सॉर. संरक्षणाशी संबंधित मजकूर छापण्याआधी त्याला दाखवावा लागतो. म्हणून देशाच्या अण्वस्त्रांबद्दल लिहिताना हिब्रू पत्रकार ‘परदेशी सूत्रांनुसार’ अशी पळवाट काढतात. स्वतःच्या अंगणातली गोष्ट, साक्षीदार बाहेरचा!

पण सगळेच निमूट बसतात असं नाही. एप्रिल 1984 मध्ये अतिरेक्यांनी 300 नंबरची बस पळवली. कारवाईतच सगळे अतिरेकी मारले गेले, असं अधिकृतपणे सांगण्यात आलं. पण ॲलेक्स लेवाक या फोटोग्राफरकडे फोटो होता: एका अपहरणकर्त्याला दोघांनी धरून चालवत नेलेलं, धडधडीत जिवंत. त्याचा ‘हादाशोत’ हा तेव्हा नवाकोरा पेपर. संरक्षणमंत्र्यांनी चौकशी समिती नेमल्याची बातमी त्याने सेन्सॉरला न विचारता छापली. काही दिवस पेपरला टाळं लागलं. पकडल्यानंतर दोघांना ठार मारलं होतं, हे शेवटी बाहेर आलंच. ‘हादाशोत’ 1993 मध्ये बंद पडला, ही गोष्ट वेगळी.

आणि कर्मठ ज्यूंचे पेपर तर निराळंच प्रकरण. 2015 मध्ये दहशतवादी हल्ल्यानंतर पॅरिसला निघालेल्या मोर्चाच्या फोटोतून ‘हामेवासेर’ने चक्क जर्मनीच्या तेव्हाच्या चॅन्सेलर अँजेला मर्केल पुसून टाकल्या. का, तर बाईचा फोटो छापायचा नाही. हासुद्धा ‘इस्रायली मीडिया’च बरं का!

हिब्रू येत नाही ही सबब आता चालत नाही. ‘वायनेट’ या बातम्यांच्या पोर्टलची हिब्रू साइट उघडा, ब्राउझर मोडकंतोडकं का होईना, भाषांतर करून देतो. तेही नको असेल तर दिमोना, लोद, अश्दोदला आपली बेने इस्रायली, म्हणजे महाराष्ट्रातून तिकडे गेलेली ज्यू मंडळी आहेत. जुन्या पिढीतले अजून मराठी बोलतात आणि हिब्रू बातम्याही वाचतात. स्टुडिओत चार ‘तज्ज्ञ’ बसवण्यापेक्षा त्यांच्यातल्या एकाला फोन लावा की!