मादागास्करची खेडी ‘कष्टाविना सुखी’ नाहीत

पेणजवळच्या खारपट्ट्यात भातशेती करणाऱ्या माझ्या मामांनी गेल्या आठवड्यात मला एक संदेश पाठवला आणि त्याखाली स्वतःची एक ओळ जोडली : ‘यांना कर्ज लागत नाही, मग आपल्यालाच का लागते?’ आफ्रिकेजवळच्या मादागास्कर बेटाच्या किनाऱ्यावरील कोळी आणि पठारावरील शेतकरी यांच्याविषयीचा हा मजकूर त्याआधीही माझ्याकडे तीनदा आला होता आणि तिन्ही वेळा मी तो न वाचताच पुसून टाकला होता. मात्र जन्मभर चिखलणी आणि लावणी केलेल्या माणसाला जर तो मजकूर स्वतःच्या कष्टांविषयी कमीपणा वाटायला लावत असेल, तर त्याला उत्तर देणे भाग आहे. संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे : ही माणसे जगापासून तुटलेली आहेत, मेलेल्यांना थडग्यांतून काढून ती वर्षभर नाचतात, समुद्र देईल ते घेतात आणि उद्याचा विचार करीत नाहीत, त्यांचा भात आपोआप पिकतो, पैसा आणि कर्ज त्यांना ठाऊकच नाही.

पहिल्या दोन मुद्द्यांवर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. तेथील मलगासी भाषेची सर्वांत जवळची नातलग भाषा आग्नेय आशियातील बोर्निओ बेटावर बोलली जाते, म्हणजे या लोकांच्या पूर्वजांपैकी काही जण महासागर ओलांडून आलेले आहेत, आणि गुजराती मुळाची ‘काराना’ म्हणवली जाणारी व्यापारी कुटुंबे तेथे कित्येक पिढ्या नांदत आहेत. याला तुटलेले जग म्हणत नाहीत. पूर्वजांचे अवशेष नव्या वस्त्रात गुंडाळण्याचा ‘फामादिहाना’ हा विधी मुख्यतः मध्य पठारावरील मेरिना आणि बेत्सिलेओ समाजांचा आहे. तो कोरड्या, थंड महिन्यांत होतो आणि एका कुटुंबात काही वर्षांतून एकदाच येतो. संदेशात ज्यांची छायाचित्रे लावली आहेत, त्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील वेझो कोळ्यांचा तर तो विधीच नाही.

खरा संताप येतो तो तिसऱ्या मुद्द्याचा. संदेशातील एका छायाचित्रात गुडघाभर पाण्यात काठी घेऊन उभी असलेली बाई ‘निवांत फिरणारी’ म्हणून दाखवली आहे. ती फिरत नाही, ती काम करीत आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला प्रवाळखडक उघडे पडतात, तेव्हा वेझो बायका त्यांवरून तासन्‌तास वाकून चालतात आणि खडकातील बिळे ओळखून भाल्याने ऑक्टोपस बाहेर काढतात. हा माल गावात येणारे खरेदीदार वजनावर घेतात आणि त्यातील बराचसा पुढे युरोपात निर्यात होतो. पैसा ठाऊक नसल्याच्या गोष्टीचे उत्तर याच तराजूवर मिळते.

आणि उद्याचा विचार? आंदावादुआका या गावाच्या परिसरात २००४ साली गावकऱ्यांनी खडकांचा एक पट्टा काही महिन्यांसाठी ऑक्टोपसच्या शिकारीला बंद ठेवला. ऑक्टोपस झपाट्याने वाढत असल्यामुळे थोडे थांबले तरी वजनात मोठा फरक पडतो, हे त्यामागचे साधे गणित होते. शेजारच्या गावांनी ते उचलले आणि २००६ मध्ये सुमारे २५ गावांनी मिळून ‘वेलोंद्रियाके’ हे स्वतः सांभाळायचे सागरी क्षेत्र उभे केले, ज्याचे नियम ‘दिना’ या पारंपरिक गावकायद्याखाली येतात आणि मोडणाऱ्याला दंड होतो. अशा ३६ बंदींच्या आठ वर्षांच्या नोंदी तपासणारा अभ्यास २०१५ साली ‘प्लॉस वन’ या शोधपत्रिकेत प्रसिद्ध झाला. बंदीआधीच्या ३० दिवसांच्या तुलनेत बंदी उठल्यानंतरच्या ३० दिवसांत बंद ठेवलेल्या जागेवरील ऑक्टोपसची आवक ७०० टक्क्यांहून अधिक वाढली होती. त्या दिवसांत शिकारीला येणाऱ्यांची गर्दीही वाढते हे धरूनही एकेका माणसाची दिवसाची पकड जवळजवळ ९० टक्क्यांनी वाढलेली आढळली. जे लोक हातातोंडाशी आलेली शिकार एकमताने सोडून देतात आणि न ऐकणाऱ्याला दंड करतात, त्यांना उद्याचा विचार नाही असे म्हणणे हा त्यांच्यावर उघड अन्याय आहे.

येथे एक अर्धसत्य मला नाइलाजाने मान्य करावे लागते. वेझो स्वतःच स्वतःविषयी म्हणतात की आम्हाला साठवणे जमत नाही, आजचे आज खर्च होते, आणि त्यांच्यात राहिलेल्या मानववंशशास्त्रज्ञांनी ते नोंदवले आहे. पण रोज बदलणाऱ्या वाऱ्यावर आणि पाण्यावर जगणाऱ्यांचे हे बोलणे आहे. त्यावरून ते चिंतामुक्त आहेत असा निष्कर्ष निघत नाही.

भात आपोआप पिकतो, हे निदान मामांनी तरी मानायला नको होते, कारण मामांनी दोन हंगाम एका खाचरात करून पाहिलेली भातलावणीची ‘श्री’ (एसआरआय) पद्धत मादागास्करमध्येच जन्मली आहे. आंरी द लोलानिए हे फ्रेंच जेझुइट धर्मगुरू १९६१ मध्ये तेथे गेले, वर्षानुवर्षे स्थानिक शेतकऱ्यांच्या खाचरांतून शिकत राहिले, आणि १९८३ मध्ये आंत्सिराबे भागात कोवळी रोपे एकेक, अंतर ठेवून लावण्याचा प्रयोग यशस्वी झाला. उत्पन्न वाढत असूनही तेथील अनेक गरीब शेतकऱ्यांनी ही पद्धत पुढे सोडून दिली, आणि त्याचे कारण आळस नव्हते. ही पद्धत ऐन लावणी-बेणणीच्या वेळी जास्त मनुष्यबळ मागते आणि नेमके तेच टंचाईचे दिवस असतात. घरातील तांदूळ संपलेला असल्यामुळे माणसाला स्वतःचे खाचर सोडून दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला जावे लागते.

कर्जाविषयी मामांनी विचारले, म्हणून तेही सांगतो. जेथे तिन्ही वेळा भात खाल्ला जातो आणि दर माणशी वर्षाला १०० किलोहून अधिक तांदूळ लागतो, त्या देशात पुष्कळ छोटे शेतकरी देणे फेडण्यासाठी सुगीतच, भाव पडलेला असताना, भात विकतात आणि पुढचे पीक हाती येण्याआधीच्या महिन्यांत, साधारण जानेवारी ते मार्चमध्ये, तांदूळ चढ्या भावाने विकत घेतात, कित्येकदा पुन्हा उधारीवर.