विद्यापीठाची बातमी की सत्काराची पत्रिका?

सप्टेंबर-ऑक्टोबर आला की महाराष्ट्रातल्या जिल्हा पुरवण्यांमध्ये एक बातमी हमखास दिसते. ‘जगातील अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञांत आपल्या विद्यापीठाचे अमुक प्राध्यापक.’ खाली पासपोर्ट फोटोंची रांग, कुलगुरू आणि कुलसचिवांनी केलेलं अभिनंदन, ‘विद्यापीठाच्या शिरपेचात मानाचा तुरा’ हे वाक्य. सगळी बातमी वाचून काढली तरी एका साध्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. या माणसांनी शोधलं काय?

मी काही वर्षं एका दैनिकाच्या डेस्कवर होते. शिक्षणाचं पान लावताना विद्यापीठांची प्रसिद्धिपत्रकं रोज हाताखालून जायची. त्यांचा साचा ठरलेला. कार्यक्रमाला कोण कोण उपस्थित होतं, दीपप्रज्वलन कुणी केलं, सूत्रसंचालन कुणाचं, आभार कुणी मानले. व्याख्यान कशावर होतं ते एका ओळीत, वक्ता नेमकं काय म्हणाला ते बहुतेक वेळा नाहीच. आम्ही त्यातली दोन विशेषणं कापायचो आणि छापायचो. त्याबद्दल कुणाची तक्रार आल्याचं मला आठवत नाही. ज्यांची नावं यायची ते खूश असायचे, बाकीचे वाचत नव्हते.

त्या दोन टक्क्यांच्या यादीचंच बघा. बातमीत लिहिलेलं असतं, ‘स्टॅनफर्ड विद्यापीठाने निवड केली’. निवड कुणी करत नाही. स्टॅनफर्डचे जॉन इओअ‍ॅनिडिस आणि त्यांचे सहकारी स्कोपस या डेटाबेसमधल्या शोधनिबंधांचे आणि त्यांच्या उल्लेखांचे आकडे एका सूत्रात घालतात आणि क्रम लावतात. याद्या दोन असतात, एक संपूर्ण कारकिर्दीची आणि एक फक्त एका वर्षाची. दोन्हींत फरक भरपूर. आपल्या बातमीत मात्र कुठली यादी ते क्वचितच सांगितलेलं असतं. त्या प्राध्यापकांचं काम खोटं आहे असं मी मुळीच म्हणत नाही, त्यातल्या अनेकांचं काम खरोखर चांगलं असेल. पण ते काम काय आहे हे त्यांच्याच विद्यापीठाला चार वाक्यांत सांगता येत नाही आणि परदेशातल्या एका कोष्टकातलं नाव तेवढं सांगता येतं, हे मला खटकतं.

आता उलट बाजू. १५ डिसेंबर २०२२. केंब्रिज विद्यापीठाने एक प्रसिद्धिपत्रक काढलं आणि पाणिनी जगभरच्या बातम्यांत आला. ऋषी राजपोपट या भारतीय विद्यार्थ्याने पीएचडीच्या प्रबंधात अष्टाध्यायीतल्या, म्हणजे पाणिनीच्या संस्कृत व्याकरणाच्या ग्रंथातल्या, एका सूत्राचा वेगळा अर्थ लावला होता. ‘विप्रतिषेधे परं कार्यम्’, पहिल्या अध्यायातल्या चौथ्या पादातलं दुसरं सूत्र. शब्द घडवताना एकाच पायरीवर दोन नियम लागू होऊ लागले तर कुठला घ्यायचा, हा प्रश्न. परंपरेने सांगितलं होतं की दोघांचं बळ सारखं असेल तर अष्टाध्यायीत नंतर येणारा नियम घ्या. राजपोपट म्हणतो, इथे ‘पर’ म्हणजे शब्दाच्या उजव्या भागाला लागू होणारा नियम, आणि तसं धरलं तर पाणिनीचं यंत्र फारशी बाहेरची मदत न घेता चालतं.

केंब्रिजने हे उदाहरणासकट समजावलं होतं. ‘गुरुणा’ हे रूप घ्या, डावीकडे गुरु, उजवीकडे प्रत्यय, दोन्हींना वेगवेगळे नियम लागू होतात, मग काय करायचं. जोडीला गोष्टही होती: नऊ महिने डोकेफोड करून हा मुलगा सगळं सोडायच्या बेतात होता, महिनाभर पुस्तकं मिटून पोहला, सायकल चालवली, स्वयंपाक केला, आणि परत बसल्यावर त्याला आकृतिबंध दिसू लागला.

त्या पत्रकाची मी भक्त नाही. ‘२५०० वर्षांचं कोडं सुटलं’ हा मथळा फुगवलेलाच होता. पाणिनीवर आयुष्य घालवलेल्या अनेक अभ्यासकांनी लगेच आक्षेप घेतले की कोडं असं पडून नव्हतं, आणि नव्या अर्थालाही अडचणी आहेत. पण निदान वाद कशावर घालायचा हे तरी कळलं. सूत्र कळलं, प्रश्न कळला, उत्तर कळलं, मग मतभेद. आमच्या नेहमीच्या पत्रकांवर मतभेदसुद्धा होऊ शकत नाही. दीपप्रज्वलनाशी असहमत कसं व्हायचं?

आपल्या संस्था मोठ्या बातम्यांत येत नाहीत असं नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचं उदाहरण आहे, आणि ते मला जास्त अस्वस्थ करतं. हरियाणात हिसार जिल्ह्यातल्या राखीगढीला डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागाने वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन केलं. तिथल्या दफनभूमीतून ६१ नमुने डीएनएसाठी तपासले गेले. उष्ण हवामानात डीएनए सहसा टिकत नाही, त्यामुळे वाचता येईल असा जनुकीय मजकूर मिळाला तो एकाच स्त्रीच्या सांगाड्यातून. सिंधू संस्कृतीच्या माणसाचा हा पहिला जीनोम. सप्टेंबर २०१९ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात निबंध आला. खरोखर जागतिक काम.

आणि बातमी काय आली? दिल्लीत पत्रकार परिषद झाली आणि दुसऱ्या दिवशी सगळीकडे एकच: आर्य बाहेरून आलेच नाहीत, विज्ञानाने शिक्कामोर्तब केलं. निबंध काय म्हणत होता? त्या स्त्रीत स्टेपच्या गवताळ प्रदेशातल्या पशुपालकांचा वंशांश नाही. तो आजच्या दक्षिण आशियाई लोकांत मात्र मोठ्या प्रमाणावर आढळतो. म्हणजे तो तिच्या काळानंतर इथे आला असणार. त्याच दिवशी ‘सायन्स’मध्ये ५०० हून जास्त प्राचीन व्यक्तींच्या डीएनएवरचा दुसरा निबंध आला. दोन्हींच्या लेखकांत काही नावं सामाईक होती, आणि या दुसऱ्या निबंधात तर स्टेपचा वंशांश इथे येण्याचा काळ इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकात बसवलेला होता. ज्यांना ‘आक्रमण’ हा शब्द मान्य नाही त्यांच्यासाठीही या निबंधांत बरंच होतं. पण ‘कुणी आलंच नाही’ हे त्यांत नव्हतं. घराघरात पोचलं ते नेमकं तेवढंच.

माझ्या ओळखीतले दोन्ही बाजूंचे लोक आजही राखीगढीचं नाव घेऊन भांडतात. त्यांच्यापैकी कुणालाही तो एकच सांगाडा होता हे माहीत नसतं. ६१ पैकी एक. हे सांगितलं की दोन्हीकडचे हिरमुसतात.

त्याच डेक्कन कॉलेजात, येरवड्याच्या त्याच आवारात, दुसरं एक काम १९४८ पासून चालू आहे, आणि त्याच्या मथळ्याची ना कुणाला घाई ना आच. संस्कृतचा ऐतिहासिक तत्त्वांवरचा महाकोश. सुमित्र मंगेश कत्रे यांनी तो आखला. वेदांपासून एकोणिसाव्या शतकापर्यंतचे सुमारे दीड हजार ग्रंथ घेतले. त्यांत व्याकरण, आयुर्वेद, गणित, धर्मशास्त्र, शिल्प, नाटक, सगळं आलं. पंडितांनी एकेक ग्रंथ वाचून शब्द, संदर्भ आणि अर्थ हाताने चिठ्ठ्यांवर उतरवून काढले. पंचवीस वर्षं फक्त हेच चाललं. चिठ्ठ्या झाल्या जवळपास एक कोटी. पहिला भाग छापून आला १९७६ मध्ये, डॉ. अ. मा. घाटगे संपादक असताना.

आणि आज कोश कुठवर आलाय? ‘अ’ वर.

इथे हसू येतं, मान्य. मलाही आलं होतं. पण जरा विचार करा. संस्कृतात नकार ‘अ’ने होतो, म्हणजे जवळजवळ प्रत्येक शब्दाचा उलटा शब्द याच अक्षरात. शिवाय अति, अधि, अनु, अप, अभि, अव हे सगळे उपसर्ग इथेच. एक ‘अग्नि’ घेतला तरी आग, देवता, पोटातला जठराग्नी, आणि गणिताच्या ग्रंथांत चक्क ३ हा आकडा. या छटा कुठल्या ग्रंथात, कुठल्या काळात, कुठल्या क्रमाने आल्या हे पुराव्यासकट लावायचं. ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशाची कल्पना १८५७ मध्ये मांडली गेली आणि पहिली आवृत्ती पूर्ण झाली १९२८ मध्ये. सत्तर वर्षं. तिथेही चिठ्ठ्याच होत्या, फक्त भाषेचा पसारा या मानाने लहान होता आणि पाठीशी उभी राहणारी माणसं जास्त.

जानेवारी २०२० मध्ये ऑक्सफर्डच्या विद्यार्थी कोशाची नवी आवृत्ती आली तेव्हा आपल्या सगळ्या पेपरांनी बातमी केली. आधार, चाळ, डबा, हरताळ, शादी हे शब्द इंग्रजी कोशात गेले! व्हॉट्सॲपवर अभिमानाचा पूर आला होता. आपली चाळ तिकडे छापली याचा आनंद मी समजू शकते. पण बंडगार्डनचा पूल ओलांडला की पलीकडे एक कोटी चिठ्ठ्या कपाटांत लावून ठेवलेल्या आहेत, आणि पुण्यात जन्म काढलेल्या दहा जणांना विचारलं तर नऊ जणांना डेक्कन कॉलेज म्हणजे टिळकांची खोली एवढंच माहीत.

टिळक, आगरकर, रामकृष्ण भांडारकर ही नावं संस्थेच्या प्रत्येक पत्रकात येतात, यायलाच हवीत. मला मात्र या कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांची वेगळीच गोष्ट जास्त आवडते. १९३४ मध्ये सरकारने हे कॉलेज बंद करून टाकलं होतं. इमारतीसाठी जमशेटजी जीजीभॉय यांनी देणगी दिलेली, ती शिक्षणासाठी. माजी विद्यार्थी संघाने प्रकरण कोर्टात नेलं, चिकाटीने लढवलं, आणि १९३९ मध्ये पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून कॉलेज पुन्हा उघडायला लावलं. त्याच वर्षी तिथे कत्रे आले, पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकलिया आले, इरावती कर्वे आल्या. महाराष्ट्राची पुरातत्त्वविद्या, इनामगावचं उत्खनन, हा कोश, हे सगळं त्या खटल्याच्या पोटातून निघालं म्हणा ना. माजी विद्यार्थ्यांनी काय करायचं असतं याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही. आजचे मेळावे बघा. स्मृतिचिन्ह, सेल्फी पॉइंट, मिसळ आणि ‘आमच्या वेळी’.

मेळाव्यांना माझी हरकत नाही, मिसळीला तर नाहीच. पण आज महाराष्ट्रातल्या कुठल्याही विद्यापीठात जा, मंजूर जागा रिकाम्या आणि शिकवायला तासिका तत्त्वावरची मुलं. सेट-नेट झालेली, पीएचडी झालेली, तासाच्या हिशेबाने पैसे, तेही महिनोन्‌महिने थकलेले. ही माणसं बातमीत कधी येतात? आझाद मैदानावर बसली तर. २०२५ च्या एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीत सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ विद्यापीठांच्या गटात २३ वरून ५६ वर घसरलं तेव्हा दोन दिवस गदारोळ झाला, आणि कारणांत पहिलं कारण हेच निघालं की शिक्षकच पुरेसे नाहीत. तिसऱ्या दिवशी विषय संपला. त्यावर कुठल्या माजी विद्यार्थी संघाने साधं निवेदन दिल्याचं माझ्या वाचनात तरी आलं नाही.

कोशाचंही तेच. चिठ्ठ्या वाचून नोंद लिहू शकणारा माणूस तयार व्हायला पाच-सात वर्षं लागतात असं त्या क्षेत्रातले लोक सांगतात. तो कंत्राटावर ठेवला आणि तिसऱ्या वर्षी गेला की पुढच्याला परत पहिल्यापासून.

माझं म्हणणं छोटं आहे. विद्यापीठातल्या माणसाची बातमी पाठवताना त्यात एक परिच्छेद असा असू दे, की त्याने कुठला प्रश्न घेतला, काय केलं, काय सापडलं आणि काय अजून कळलेलं नाही. तो परिच्छेद ज्याने काम केलं त्याने स्वतः वाचून पास करावा, कुलसचिवांनी नव्हे. उपस्थितांची यादी त्याखाली टाका, जागा उरली तर छापू. पत्रकार परिषदेत निबंधापेक्षा एक वाक्यही जास्त बोलायचं नाही, हे राखीगढीवरून शिकता आलं असतं.

हे लिहिलं की डेस्कवरचे जुने मित्र ठरलेलं उत्तर देतात. मॅडम, वाचकाला एवढं नको असतं, फोटो आणि नाव पुरे. मग डिसेंबर २०२२ मध्ये काय झालं होतं? तुमच्याच पेपरात अष्टाध्यायीच्या एका सूत्रावर अर्धं पान होतं. रिक्षावाल्या काकांनी मला विचारलं होतं, ‘ताई, ते पाणिनीचं कायतरी सुटलं म्हणे, काय होतं हो ते?’ सिग्नल सुटेपर्यंत मी डावा भाग-उजवा भाग समजावला. त्यांनी पुढच्या सिग्नलला विचारलं, मग आधीच्या लोकांना का नाही सुचलं? पाणिनीच्या अभ्यासकांनी घेतलेला पहिला आक्षेप साधारण हाच होता.