"गाईम्हशींच्या गॅसने काही होत नाही" म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

एक मेसेज सध्या बऱ्याच ग्रुपवर फिरतोय, शेतीच्या आणि दूधधंद्याच्या ग्रुपवर तर जास्तच. त्यातला मजकूर थोडक्यात असा की, गाय पादल्याने पृथ्वी तापते हे परदेशी कंपन्यांचं थोतांड आहे, जनावरं हजारो वर्षांपासून आहेत तेव्हा काही झालं नाही, गवतातला कार्बन परत गवतातच जातो, आपली देशी गाय तर ऑक्सिजन सोडते, आणि हे सगळं आपल्या शेतकऱ्याची जनावरं विकायला लावण्यासाठी चाललंय. त्यातली शेतकऱ्याची भीती मला समजते, पण विज्ञान जवळजवळ सगळं चुकीचं आहे आणि त्याने नुकसान शेतकऱ्याचंच होतंय, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी ते पादण्याचं. जे लोक "गाय पादल्याने" म्हणून हसतात ते आणि जे चिडतात ते, दोघंही चुकीच्या टोकाला बघतायत. रवंथ करणाऱ्या जनावराचा 90 टक्क्यांहून जास्त मिथेन, म्हणजे पृथ्वी तापवणारा तो वायू, तोंडावाटे बाहेर पडतो, ढेकरेतून आणि श्वासातून. गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांचं कोटीपोट म्हणजे आंबवण्याची मोठी टाकीच, तिथले सूक्ष्मजीव कडब्यातलं, गवतातलं तंतुमय खाद्य फोडतात, ते आपल्या पोटाला जमत नाही. फोडताना हायड्रोजन तयार होतो, तो तिथेच साठला तर पचन बिघडतं, मग दुसरे सूक्ष्मजीव तो हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन मिथेन बनवतात आणि जनावर तो ढेकरून टाकतं. यात जनावराचा काही दोष नाही, त्याची पचनाची रीतच तशी आहे. आणि ज्यांना हे पटत नाही त्यांनी आपल्या गावातला गोबर गॅस आठवावा, त्या निळ्या ज्वालेत जळतो तो मुख्यतः मिथेनच, शेणातून निघतो तेव्हा आपण त्याच्यावर चहा करतो आणि तोंडातून निघाला की म्हणतो असं काही नसतंच.

"गवतातला कार्बन गवतातच जातो" हा मुद्दा मात्र नीट बघायला हवा कारण तो अर्धा खरा आहे. झाडं हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात, जनावर ते खातं, कार्बन परत हवेत जातो, इथपर्यंत बरोबर. कोळसा-पेट्रोलसारखा जमिनीत कोट्यवधी वर्षं गाडलेला कार्बन यात वर येत नाही हेही बरोबर. पण तो परत जाताना मिथेन होऊन जातो, आणि मिथेन उष्णता धरून ठेवण्यात फार जोरदार आहे, 100 वर्षांचा हिशोब केला तर वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या साधारण 27 पट, 20 वर्षांचा केला तर जवळपास 80 पट. हवेत तो साधारण 12 वर्षं राहतो आणि मग त्याचा पुन्हा कार्बन डायऑक्साइड होतो. म्हणजे चक्र पूर्ण होतं हो, पण मधली ती वर्षं तो पृथ्वी तापवत असतो आणि तोवर नवीन ढेकर त्याच्या जागी आलेली असते.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. जनावरांची संख्या वर्षानुवर्षं तेवढीच राहिली तर त्यांचा मिथेन हवेत कार्बन डायऑक्साइडसारखा साठत जात नाही, जेवढा येतो साधारण तेवढाच नष्ट होतो. पण म्हणून आत्ता हवेत असलेला तो तापवायचा थांबत नाही, आणि उलट बाजूने बघितलं तर मिथेन कमी केला की त्याचा फायदा पंधरा-वीस वर्षांत दिसतो, कार्बन डायऑक्साइडच्या बाबतीत असं होत नाही. म्हणून तर शास्त्रज्ञ मिथेनच्या एवढे मागे लागलेत.

"हजारो वर्षांपासून जनावरं आहेत". आहेत, पण एवढी नव्हती. आज जगात गोवंशाचीच दीडशे कोटींच्या आसपास जनावरं आहेत, म्हशी, शेळ्या, मेंढ्या वेगळ्या. आणि हवा काय सांगते बघा, बर्फात अडकलेल्या जुन्या हवेच्या बुडबुड्यांवरून कळतं की 1750 च्या आधी हवेच्या एक अब्ज भागांत मिथेनचे साधारण 700-730 भाग होते, आता 1900 च्या वर गेलेत. हे सगळं गाईंनी केलं असं कोणी म्हणत नाहीये, त्यात तेल-वायूच्या विहिरी आणि पाइपलाइनची गळती आहे, कोळसा खाणी आहेत, भातशेती आहे, कचरा डेपो आहेत, मुंबईच्या कचऱ्यातून निघणारा मिथेन तर उपग्रहातून मोजलाय. पण माणसामुळे निघणाऱ्या मिथेनमधला जवळपास तिसरा हिस्सा पशुपालनाचा आहे, ढेकर आणि शेण मिळून.

आता "देशी गाय ऑक्सिजन सोडते". हे बऱ्याच मोठ्या माणसांनीही जाहीर बोलून दाखवलंय म्हणून लोकांना खरं वाटतं. हवेत 21 टक्के ऑक्सिजन असतो, श्वासातला सगळा काही शरीर वापरत नाही, त्यामुळे बाहेर सोडलेल्या हवेत तो शिल्लक असतोच, माणसाच्या श्वासात साधारण 16 टक्के असतो. गाईचंही तसंच. ती ऑक्सिजन तयार करत नाही, उरलेला परत सोडते. आणि देशी गाईला पण कोटीपोट आहे, तीही रवंथ करते, मिथेन निघतोच. लहान चणीची असते, खाते कमी, म्हणून एका जनावरामागे एचएफपेक्षा (होल्स्टीन फ्रिजियन, जास्त दूध देणारी विदेशी जात) कमी निघतो हे खरं, पण एक लिटर दुधामागे हिशोब मांडला तर कमी दुधाच्या जनावराचा आकडा जास्त येतो. खिल्लारसारखी देशी गाय सांभाळायची वेगळी कारणं आहेत आणि ती भक्कम आहेत, त्यासाठी खोट्या विज्ञानाची गरज नाही.

दुसऱ्या बाजूचीही एक चूक सांगतो, कारण असल्या मेसेजला खतपाणी तिथूनच मिळालं. 2006 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने अहवाल काढला की जगातल्या हरितगृह (म्हणजे पृथ्वी तापवणाऱ्या) वायूंपैकी 18 टक्के पशुपालनाचे, सगळ्या वाहतुकीपेक्षा जास्त. पण तुलना बरोबरीची नव्हती, जनावरांच्या बाजूला चारा पिकवण्यापासून जंगलतोडीपर्यंत सगळं धरलं आणि गाड्यांच्या बाजूला फक्त धूर. ते नंतर मान्य झालं, आणि 2013 मध्ये त्याच संघटनेने 14.5 टक्के हा आकडा दिला, त्यात निव्वळ ढेकरांचा वाटा पाच-सहा टक्के. म्हणजे गाडीपेक्षा गाय वाईट हे म्हणणं चूक, आणि गाईने काहीच होत नाही हे पण चूक.

राहिला कटाचा मुद्दा. 2021 मध्ये ग्लासगोला मिथेन 30 टक्के कमी करायचा जागतिक करार पुढे आला, त्यात भारत सामील झालाच नाही. डेन्मार्कने 2030 पासून पशुपालनावर कर लावायचं ठरवलंय तो त्यांच्या शेतकऱ्यांवर. आपल्याकडे 2019 च्या पशुगणनेत 19 कोटींच्या वर गोवंश आणि जवळपास 11 कोटी म्हशी निघाल्या, बहुतेक दोन-चार जनावरं बाळगणाऱ्या घरांत, आणि त्या माणसावर कोणी कर लावू म्हटलं तर मी स्वतः विरोधात उभा राहीन.

पण मुद्दा असा की जनावर जे खातं त्यातली 2 ते 12 टक्के ऊर्जा मिथेन होऊन उडून जाते. तो चारा तुम्ही विकत घेतलेला किंवा राबून पिकवलेला असतो. उन्हाळ्यात नुसत्या कडब्यावर आणि उसाच्या वाढ्यावर जनावरं काढायची म्हटली की हे नुकसान वाढतं आणि दूध आटतं. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने संतुलित आहाराचा कार्यक्रम राबवला त्यात खर्च कमी झाला, दूध वाढलं आणि मिथेनही घटला. बंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण व शरीरक्रिया संस्थेने 'हरित धारा' नावाचं वनस्पतींपासून केलेलं पूरक खाद्य काढलंय, त्याने मिथेन 17 ते 20 टक्के कमी होतो असं ते सांगतात. हे गावागावात पोचायला पाहिजे, मूरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) आणि खनिज मिश्रण परवडेल अशा भावात मिळायला पाहिजे, दुधाच्या दरासाठी आपण जसे रस्त्यावर उतरतो तसं यासाठी दूध संघाला आणि पशुसंवर्धन खात्याला धारेवर धरायला पाहिजे.