गणपतीच्या आधी पॉलिश करू नका

श्रावण लागला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ठरलेला मेसेज येतो: "कोणाकडे चांगल्या पॉलिशवाल्याचा नंबर आहे का? गणपतीच्या आधी सगळं चकाचक करून हवंय." यंदा मी लिहिलं, "आहे, पण आत्ता देणार नाही." त्यावरून जरा वाजलंच. म्हणून इथे सविस्तर लिहिते.

चार वर्षांपूर्वी हा शहाणपणा मीच करून बसले होते. गिरगावातली चाळ रिकामी झाली तेव्हा आजोबांची वेताच्या बैठकीची खुर्ची आमच्याकडे मुलुंडला आली. चाळीत दर दोन-तीन वर्षांनी भिंतींना ऑइलपेंट लागायचा आणि डब्याच्या तळाशी उरलेला रंग खुर्चीला. वाया कशाला घालवायचा! त्यामुळे खुर्चीवर आधी चॉकलेटी, मग पोपटी, वर पुन्हा चॉकलेटी. भर जुलैत बाल्कनीत बसून मी ती पॉलिश पेपरने खसाखसा घासायला घेतली, तोंडाला साधा रुमालसुद्धा न बांधता.

हे मात्र कुणीही करू नका. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा आपल्याकडे लागू झाली ती नोव्हेंबर 2017पासून. त्याआधीचा रंग कोरडा घासला की पूड घरभर उडते, आणि घरात रांगतं मूल असेल तर ती थेट त्याच्या तोंडात जाते. वॉटर पेपर आणून ओलं ठेवून घासायचं, चांगला मास्क लावायचा, पुसलेलं फडकं धुवायच्या भानगडीत न पडता टाकून द्यायचं. मला हे सगळं नंतर कळलं.

पण काय सांगू, खुर्चीच्या उजव्या हाताच्या टोकाला, जिथे आजोबांचा पंजा टेकलेला असायचा, तिथला शेवटचा थर निघाला आणि खाली मधासारखा साग दिसला. रेषा सरळ, बोट फिरवलं तर किंचित तेलकट. तेवढा भाग इतर ठिकाणांपेक्षा गुळगुळीत होता, खोलगट म्हणावा इतका झिजलेला. मी घासायची थांबले आणि नवऱ्याला हाक मारली. तो मॅच बघत होता, आला नाही.

मग मी पॉलिशचा घाट घातला. चपडा लाख रात्रभर स्पिरिटमध्ये भिजवली, कापसाचा बोळा जुन्या मलमलीत गुंडाळला, दोन हात मारले. सकाळी बघते तर खुर्चीवर दुधाची साय धरलेली! स्पिरिट उडतं तेव्हा लाकडाचा वरचा थर गार पडतो, हवेतला दमटपणा त्यावर बसतो आणि लाखेत अडकतो. मुंबईच्या जुलैत दमटपणाला काय तोटा? शेवटी पॉलिशवाल्या चाचांना बोलावलं. त्यांनी बोटाने खुर्ची चाचपली आणि एवढंच म्हणाले, "बारिश में किसने बोला करने को?"

दिवाळीनंतर हवा कोरडी झाल्यावर ते आले. स्पिरिटने जेमतेम ओलं केलेलं फडकं फिरवून पांढरेपणा घालवला आणि तीन हात मारले. वेत विणायला आलेले काका दृष्टिहीन होते. भिजवलेला वेत मांडीवर घेऊन बोटांनीच भोकं मोजत त्यांनी दीड दिवसात जाळी उभी केली. एकही पदर चुकला नाही. पॉलिश आणि वेत मिळून मला 2,600 रुपये पडले. या माणसांशी शंभर-दोनशेसाठी घासाघीस करणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. तेच लोक मॉलमध्ये सांगतील ती किंमत मुकाट मोजतात.

मग गणपतीच्या आधी काहीच करायचं नाही का? करा की! पहिलं म्हणजे हॉलमधला पांढराफटक बल्ब काढा. 6500 केल्विनच्या (हे उजेडाच्या रंगाचं माप, खोक्यावर लिहिलेलं असतं) निळसर उजेडात उत्तम सागसुद्धा आजारी दिसतो. 2700 किंवा 3000चा पिवळसर बल्ब लावा. लोहार चाळीत एक चक्कर मारली की दोन-तीनशे रुपयांत अख्खी खोली बदलते. मखराशेजारी तर फरक बघाच. ढिले स्क्रू आवळा. शोकेसच्या पितळी मुठी काढून चिंचेच्या कोळाने घासा. हरवल्या असतील तर चोर बाजारात मटन स्ट्रीटला जुन्या मिळतात, फक्त शुक्रवारी जाऊ नका, दुकानं बंद असतात. उशांच्या अभ्र्यांना मंगलदास मार्केटचं कापड. झालं.

आणि रंग लावायचाच असेल तर आधी ड्रॉवर काढून त्याची कड बघा. रेषा सलग कडेपर्यंत गेल्या असतील तर ते लाकूड. पापुद्रे दिसले तर प्लाय, दाबलेला भुसा दिसला तर पार्टिकल बोर्ड. प्लायला खुशाल हवा तो रंग द्या. पार्टिकल बोर्डाला पाण्यापासून जपा, एकदा फुगला की संपला. पण सागाला, शिसवीला तो मोबाइलवर दिसणारा पांढरा चॉक पेंट फासू नका हो! चाळीतल्या लोकांनी उरलेला रंग लावला तो काटकसर म्हणून. आपण मुद्दाम विकत आणून तेच करतोय. (लोखंडी कपाटाची गोष्ट वेगळी. 1923पासून गोदरेजची कपाटं बनताहेत, आणि जुनं कपाट गॅरेजवाल्याकडून ड्युको, म्हणजे गाड्यांना मारतात तो स्प्रेचा रंग, मारून घेणं हा मुंबईचा जुना आणि उत्तम उपाय आहे.)

एक कबुली. खुर्चीच्या हातावर आता गरम चहाच्या कपाचा पांढरा गोल उमटलाय. लाखेच्या पॉलिशचं हे दुखणं आहेच, त्याला उष्णता सोसत नाही. कप कोणी ठेवला ते मला माहीत आहे, मॅच चालू होती.

चाचांचा नंबर इनबॉक्समध्ये मागू नका. ते गावी गेलेत, जौनपूरला. दिवाळीनंतर येतील, आणि पहिला नंबर माझ्या खुर्चीचा आहे.